किल्ली हाती असणे आणि आत जाण्याची इजाजत असणे

हिजरी सन ८ मध्ये मक्का जिंकले गेले, तेव्हा काबागृहाची किल्ली उस्मान बिन तल्हा यांच्याकडे होती. ती त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी किल्ली मागवली, दार उघडले, आत जाऊन आले. हा मान आपल्याकडे यावा अशी इच्छा त्यांच्या निकटच्या माणसांनी व्यक्त केली. तरीही किल्ली पुन्हा उस्मान यांच्याच हाती दिली गेली. अमानती ज्यांच्या त्यांना पोहोचत्या करण्याचा जो आदेश सूरह अन-निसाच्या ५८व्या आयतीत आहे, त्याचा संबंध अनेक तफसीरकारांनी या प्रसंगाशी जोडला आहे. ते घराणे, बनू शैबा, आजही ती किल्ली सांभाळते. चौदा शतके किल्ली हाती असूनही त्या घराण्यातील कोणी काबागृहाचा मालक झाला नाही, आणि मालक म्हणून तेथे वावरलाही नाही.

आपल्या काळात किल्लीदारांचा एक नवा वर्ग तयार झाला आहे. आमच्या अंबड तालुक्यातील मोसंबीच्या बागांच्या गावांतून शिकलेली मुले पुण्याला हिंजवडीत, छत्रपती संभाजीनगरात, जालन्याच्या लोखंडी सळयांच्या कारखान्यांत आणि बियाणे कंपन्यांच्या कचेऱ्यांत संगणक विभागात नोकरीला आहेत. त्यांना ‘अ‍ॅडमिन’ म्हणतात. कंपनीतील प्रत्येकाची ईमेल खाती, पासवर्ड आणि ‘क्लाउड’वर, म्हणजे दूरच्या मोठ्या संगणकांवर, ठेवलेल्या फाइली यांची व्यवस्था ते पाहतात. पगार हिशेब विभागापेक्षा कमी, पण कचेरीतील प्रत्येक कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. घरच्यांना मुलगा ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढेच ठाऊक असते. त्याच्या हाती किती जणांची अब्रू आहे, हे बहुधा ठाऊक नसते.

अशाच एका तरुणाने सुट्टीत गावी आल्यावर एक मसला विचारला. त्याच्या कचेरीतील एक भगिनी बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. वरिष्ठाने फोन करून सांगितले, “तिची ड्राइव्ह उघडून बघ, दुसरीकडे नोकरी शोधते आहे का. तुला तर सगळे दिसते.” पगारवाढीची शिफारस याच वरिष्ठाच्या हाती. तरुणाचा प्रश्न दोन भागांचा होता : कंपनीचीच ड्राइव्ह, कंपनीचाच हुकूम, मग यात गुनाह तो कोणता? आणि गुनाह असेल, तर मी नोकरी कशी सांभाळू?

उत्तराकडे जाण्यापूर्वी हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते समजून घेणे आवश्यक आहे. मसल्याची सूरत नीट कळल्याशिवाय हुकूम सांगणे म्हणजे अंधारात तीर मारणे. ‘अ‍ॅडमिनला सगळे दिसते’ हे वाक्यच मुळात अर्धसत्य आहे. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये अ‍ॅडमिनला दुसऱ्याच्या फाइली आपोआप दिसत नाहीत. त्याला मुद्दाम त्या माणसाच्या ड्राइव्हच्या व्यवस्थापकांत स्वतःचे नाव घालावे लागते, किंवा तिथे पोहोचण्याचा दुवा तयार करावा लागतो. गुगलच्या वर्कस्पेसमध्ये एका खात्याच्या फाइलींची मालकी दुसऱ्या खात्याकडे फिरवता येते. दोन्हीकडे आणखी एक वाट आहे : त्या माणसाचा पासवर्ड बदलायचा आणि त्याच्या नावाने आत शिरायचे. म्हणजे प्रत्येक वेळी एक बटण जाणूनबुजून दाबावे लागते. नजर चुकून पडली, असे येथे म्हणता येत नाही. दाराशी थांबून नियत तपासायची घटका यंत्रानेच ठेवलेली आहे.

तिसऱ्या वाटेबद्दल येथेच सांगून टाकतो. दुसऱ्याच्या नावाने आत शिरण्यात घुसखोरीखेरीज खोटेपणाही आहे. यंत्राच्या नोंदवहीत, ज्याला ‘लॉग’ म्हणतात, फाइल त्या माणसानेच उघडली अशी नोंद पडते. उद्या चौकशी झाली तर न केलेल्या कृत्याची साक्ष त्याच्याविरुद्ध उभी राहील. खोटी साक्ष मोठ्या गुनाहांत गणली गेली आहे. ती तोंडाने दिली काय किंवा यंत्राकडून देववली काय. पासवर्ड बदलून आत जाण्याची वाट, दुसरा मार्ग उपलब्ध असताना, मला कोणत्याही कारणासाठी जायज वाटत नाही.

आता मूळ आधाराकडे येऊ. सूरह अन-नूरच्या २७व्या आणि २८व्या आयतींत दुसऱ्याच्या घरात इजाजत आणि सलामाशिवाय जाऊ नये, आणि परत जा म्हटले तर परत जावे, असा आदेश आहे. एक माणूस प्रेषित (स.) यांच्या दालनाच्या दारातील फटीतून आत डोकावत होता, असा प्रसंग सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आला आहे. तेव्हा आपण (स.) कंगव्यासारख्या एका वस्तूने डोके खाजवत होता. त्या माणसाला फार कठोर शब्द ऐकावे लागले, आणि इजाजतीचा नियम नजरेसाठीच घालून दिला आहे, हेही त्या वेळी सांगितले गेले. या प्रसंगावर थोडे थांबले पाहिजे. तो माणूस घरात शिरला नव्हता. त्याने काही उचलले नव्हते. त्याने फक्त पाहिले होते. ‘मी काही कॉपी केले नाही, नुसते बघितले’ हा संगणक विभागातील नेहमीचा बचाव येथे टिकत नाही.

दुसऱ्याचे पत्र विनापरवाना वाचणाऱ्याबद्दल एक रिवायत सुनन अबू दाऊदमध्ये आहे आणि ती वाझमध्ये फार सांगितली जाते. तिची सनद कमजोर असल्याचे स्वतः इमाम अबू दाऊद यांनीच नोंदवले आहे. तिच्यावर इमारत उभी करण्याची गरजही नाही; सूरह अल-हुजुरातच्या १२व्या आयतीतील तजस्सुसची, म्हणजे हेरगिरीची, मनाई पुरेशी स्पष्ट आहे.

तरुणाचा आक्षेप मात्र अजून उभा आहे : ड्राइव्ह कंपनीची आहे. हा आक्षेप पोकळ नाही. पगारी नोकर फिकहच्या परिभाषेत ‘अजीर-ए-खास’ असतो. ठरलेल्या वेळेतील त्याचे श्रम मालकाने विकत घेतलेले असतात. त्या वेळात तयार केलेला हिशेब, नकाशा, पत्रव्यवहार मालकाचाच. तो मालकाला मिळू न देणे ही नोकराकडून खियानत होईल. म्हणून भाडेकरूच्या खोलीचा दाखला येथे पुरता लागू पडत नाही. त्याच सूरह अन-नूरच्या २९व्या आयतीकडे पाहावे. जेथे कोणी राहत नाही आणि जेथे तुमच्या उपयोगाची वस्तू आहे, अशा जागी जाण्यास हरकत नाही, असे तेथे सांगितले आहे. तफसीरकारांनी याची उदाहरणे म्हणून सराया, दुकाने अशा जागा सांगितल्या आहेत. कचेरीतील सामायिक फोल्डर ही अशी सराई आहे. कामाशी संबंध असणारा तेथे ये-जा करील. पण कंपनीने एका व्यक्तीच्या नावाने दिलेली ड्राइव्ह ही सराईतली मुक्कामाची खोली आहे. भिंती सराईवाल्याच्या, आतले बिऱ्हाड प्रवाशाचे. सराईवाल्याला खोलीवर हक्क आहे. दार वाजवल्याशिवाय आत येण्याचा नाही.

आणि बिऱ्हाड खरोखरच तेथे असते. अनेक कचेऱ्यांत लॅपटॉपवरील डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटोंचे फोल्डर आपोआप वनड्राइव्हवर चढतील अशी मांडणी असते. कर्मचाऱ्याने मोबाइल लॅपटॉपला जोडून घरचे चार फोटो त्या फोल्डरात ठेवले की ते कंपनीच्या कोठारात जाऊन बसतात, आणि त्याला पत्ताही नसतो. बहिणीच्या स्थळासाठीची माहिती, दवाखान्याचे अहवाल, पडद्यात राहणाऱ्या पत्नीचे ईदच्या दिवशीचे छायाचित्र, वडिलांच्या जमिनीचा सातबारा, कर्जाचे कागद. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईच्या ड्राइव्हमध्ये काय काय असू शकेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

‘रुजू होताना तिने धोरणावर सही केली आहे’ असे यावर सांगितले जाते. उस्मानी काळात तयार झालेल्या ‘मजल्ला’ या फिकही कायदेसंहितेच्या ४३व्या कलमाचा आशय असा की, जे रिवाजाने सर्वांना माहीत असते ते करारात लिहिल्यासारखेच समजावे. म्हणून कंपनीने स्पष्ट भाषेत, पुन्हा पुन्हा, कोणत्या प्रसंगी कोण काय पाहील हे सांगितले असेल, तर त्या मर्यादेपुरती संमती धरता येईल. परंतु पहिल्या दिवशी वीस कागदांच्या गठ्ठ्यात सही करून घेतलेल्या किचकट इंग्रजी मसुद्याला मी माहिती असणे म्हणत नाही. संमती समजलेल्या गोष्टीलाच असते.

हा विचार केवळ मदरशातला आहे असे कोणी समजू नये. रुमानियातील बर्बुलेस्कू नावाच्या कर्मचाऱ्याचा खटला या विषयात वारंवार उद्धृत होतो. २००७ साली त्याच्या कंपनीने ग्राहकांशी बोलण्यासाठी उघडलेल्या त्याच्या याहू मेसेंजर खात्यावर काही दिवस पाळत ठेवली. मी खासगी वापर केला नाही, असे तो म्हणताच त्याच्यासमोर ४५ पानांची छापील प्रत ठेवली गेली. तीत भाऊ आणि वाग्दत्त वधू यांच्याशी झालेले त्याचे बोलणे होते. त्याची नोकरी गेली. खासगी वापरास बंदी असल्याचे त्याला ठाऊक होते. पण आपले बोलणे वाचले जाईल हे आधी सांगितले गेले होते, असे सिद्ध झाले नाही. ५ सप्टेंबर २०१७ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने निर्णय त्याच्या बाजूने दिला. पूर्वसूचना होती का, पाहणी किती खोलवर गेली, सबळ कारण होते का, कमी दखल देणारा उपाय शक्य होता का, हे प्रश्न त्या निकालात विचारले आहेत. त्याआधी बाराच दिवस, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला होता. तो प्रामुख्याने शासनाच्या संदर्भात असला, तरी देशातील विचाराची दिशा त्याने ठरवली.

मग ड्राइव्ह कधीच उघडू नये काय? तसे नाही. अडचण आणि संशय, या दोन्ही स्थितींत वाट आहे. कर्मचारी आजारी आहे आणि उद्या भरायच्या निविदेची फाइल त्याच्याकडेच आहे, ही अडचण. प्रथम त्याला फोन करावा; दहापैकी आठ वेळा तो स्वतःच फाइल पाठवून देतो. फोन लागत नसेल, तर तीच एक फाइल काढावी. मजल्लाच्या २१ आणि २२ या कलमांचा एकत्रित आशय हाच आहे : निकड निषिद्ध गोष्टीला मोकळीक देते, परंतु निकडीच्या मापापुरतीच.

संशयाची बाब अधिक नाजूक. येथे हातिब बिन अबी बलतआ यांचा प्रसंग मार्गदर्शक आहे. मक्केवरील मोहिमेची बातमी कळवणारे त्यांचे एक पत्र एका स्त्रीबरोबर मक्केकडे निघाले होते. प्रेषित (स.) यांनी हजरत अली (रजि.) आणि काही साथीदारांना पाठवून ते पत्र रौजा खाख येथे हस्तगत करवले. इमाम बुखारी यांनी हा प्रसंग इजाजतीच्याच प्रकरणात, ज्याच्यापासून लोकांना धोका आहे त्याचे लिखाण पाहण्याबाबतच्या शीर्षकाखाली घेतला आहे. म्हणजे इजाजतीचा नियम आणि त्याचा अपवाद त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. आता तपशील पाहा. खबर निश्चित होती, ऐकीव कुजबुज नव्हती. शोध एका पत्राचा होता. मदीनेतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाच्या सामानाचा नव्हता. धोका हजारो जिवांना होता. आदेश सर्वोच्च जबाबदार व्यक्तीचा होता आणि पाठवलेली माणसे एकाहून अधिक होती. पत्र हाती आल्यावर हातिब यांना बोलावून त्यांची बाजू ऐकली गेली, मक्केत मागे राहिलेल्या आपल्या नातलगांच्या काळजीने ते घडले, असे त्यांनी सांगितले, आणि हजरत उमर (रजि.) कठोर शिक्षेच्या मताचे असतानाही ती दिली गेली नाही. कंपनीचे गुपित प्रतिस्पर्ध्याकडे जात असल्याचा ठोस पुरावा असेल, तर चौकशी याच चौकटीत व्हावी. ‘बघू या काय सापडते’ ही चौकशी नव्हे, तजस्सुस होय. लोकांचे झाकलेले दोष धुंडाळत बसणारा त्यांना बिघडवून ठेवतो, या आशयाची हदीसही अबू दाऊद यांनी हजरत मुआविया (रजि.) यांच्याकडून नोंदवली आहे. पाळतीखाली काम करणारी माणसे प्रामाणिक होत नाहीत, लपवण्यात तरबेज होतात. कोणत्याही कचेरीत याची प्रचीती येईल.

तेव्हा रजेवरील भगिनी नोकरी शोधते आहे का, हे पाहणे जायज नाही. नोकरी शोधणे हा अपराधच नाही. आणि अ‍ॅडमिनला हुकूम मिळाला म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही, कारण अल्लाहच्या नाफरमानीत माणसाचे आज्ञापालन नाही. राहिला नोकरीचा प्रश्न. त्या तरुणाला मी सुचवले की वरिष्ठाला नम्रपणे एवढेच लिहावे : “साहेब, कोणती फाइल, कशासाठी, एवढे ईमेलने कळवा आणि प्रत मनुष्यबळ विभागाला द्या, लगेच करतो.” असे हुकूम बहुतेक वेळा तोंडीच राहतात, कागदावर उतरत नाहीत. उतरलाच आणि तरीही तो निव्वळ टेहळणीचा असेल, तर मनुष्यबळ विभागाकडे लेखी हरकत नोंदवावी, आणि तीही व्यर्थ गेली तर नकार द्यावा. त्या नकाराची किंमत पगारवाढीच्या रूपाने मोजावी लागू शकते, हे मी त्याच्यापासून लपवले नाही. हलाल रोजीची किंमत प्रत्येक पेशात कोठे ना कोठे मोजावी लागते. कसाई ती तराजूवर मोजतो, अ‍ॅडमिन पडद्यासमोर.

जेव्हा उघडणे खरोखर आवश्यक असते, तेव्हाचे आदाब या पेशातील जाणकारांनी घालून दिलेले आहेत आणि ते आपल्या तालीमेशी आश्चर्यकारकरीत्या जुळतात. रोजच्या कामाचे खाते वेगळे आणि अ‍ॅडमिनचे खाते वेगळे ठेवावे, म्हणजे किल्ली सतत हातात खुळखुळत राहत नाही. लेखी मागणी जपून ठेवावी. शक्यतो दुसरा एक जबाबदार माणूस शेजारी बसवावा. फोल्डर चाळत जाऊ नये. फाइलीच्या नावाने किंवा तारखेने शोध घ्यावा. सापडलेली एकच फाइल मागणाऱ्याला द्यावी, संपूर्ण ड्राइव्हची वाट देऊ नये. काम होताच आपले नाव व्यवस्थापकांच्या यादीतून काढावे; हेच सर्वांत जास्त विसरले जाते, आणि वर्षानुवर्षे जुनी दारे उघडी राहतात. ज्याची ड्राइव्ह उघडली त्याला, चौकशीला बाध येत नसेल तर, तसे कळवावे. लॉग कधीही पुसू नये. तो अ‍ॅडमिनवर पाळत ठेवतो असे काहींना वाटते. वास्तविक उद्या खोटा आळ आला तर त्याच्या बाजूने उभा राहणारा तोच एक साक्षीदार आहे.

शोधताना नजरेस न पडावे ते पडले, तर? ते तेथेच ठेवावे. घरी पत्नीलाही सांगू नये, चहाच्या टपरीवर तर मुळीच नाही. दुसऱ्याचे उणे झाकणे हा येथील नियम आहे. परंतु कोणाच्या जिवाला, अब्रूला किंवा एखाद्या लेकराला चालू धोका असल्याचे दिसले, तर झाकणे म्हणजे जुलमाला साथ होईल. योग्य अधिकाऱ्यापर्यंत ते पोहोचवलेच पाहिजे.

कायद्याबाबत थोडक्यात. २००५ साली पुण्यातील एका कॉल सेंटरच्या काही कर्मचाऱ्यांनी सिटी बँकेच्या अमेरिकेतील ग्राहकांकडून गुप्त क्रमांक काढून घेऊन सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवल्याचे प्रकरण उघडकीस आले होते. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ७२-अ हे कलम आले. करारान्वये सेवा देताना हाती आलेली कोणाची खासगी माहिती, गैरवाजवी लाभ वा हानीच्या हेतूने, संमतीविना उघड करणाऱ्यास त्यात ३ वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद आहे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्याच्या ७व्या कलमात नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी माहिती हाताळण्यास मुभा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. ही मुभा प्रयोजनाशी बांधलेली आहे, हे मालकवर्गाने लक्षात घ्यावे.

एका प्रसंगाकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते : कर्मचाऱ्याचा इंतकाल. खाते पुसले की वनड्राइव्हमधील फाइली, वेगळी मुदत ठरवली नसेल तर, ३० दिवस राहतात. वर्कस्पेसमध्ये पुसलेले खाते परत आणण्यास २० दिवस मिळतात. कंपनी नेहमीच्या शिरस्त्याने खाते बंद करते आणि इद्दतमध्ये बसलेल्या पत्नीला काही कळायच्या आत सारे नाहीसे होते. त्यात मय्यताने कोणाचे देणे लागते याची टिपणे असू शकतात, आणि वारसांत वाटणीपूर्वी कर्जफेड व वसीयत येते हे सूरह अन-निसाच्या ११व्या व १२व्या आयतींतून सर्वांना ठाऊक आहे. अ‍ॅडमिनने अशा वेळी खाते पुसण्याची घाई करू नये. वरिष्ठांच्या लेखी परवानगीने, कामाच्या फाइली कंपनीसाठी वेगळ्या काढून, खासगी वाटणाऱ्या फाइली न उघडता वारसांच्या हवाली करण्याची व्यवस्था करावी. वारसांनीही पहिल्या आठवड्यातच कंपनीला पत्र लिहावे. घरातील कोणा शिकलेल्याने हे काम अंगावर घ्यावे.

हे सारे मोठ्या शहरांपुरते नाही. शाळेने विद्यार्थ्यांना काढून दिलेल्या खात्यांची किल्ली शाळेच्या लिपिकाकडे असते, आणि दुरुस्तीला दिलेल्या मोबाइलचा पासवर्ड आपण दुकानदाराला चिठ्ठीवर लिहून देतो. त्यांनाही हेच मसले लागू आहेत.

नोकरी करणाऱ्यांची बाजूही आहेच. कचेरीच्या लॅपटॉपवर घरचे फोटो, स्थळांची माहिती, आजारपणाचे कागद ठेवू नयेत. ठेवलेले असतील तर या आठवड्यात स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घेऊन तेथून काढावेत. रजेवर जाण्यापूर्वी चालू कामाच्या फाइली सामायिक फोल्डरात ठेवाव्यात, म्हणजे कोणाला तुमचे दार वाजवण्याची गरजच पडणार नाही. नोकरी सोडताना आपले खासगी तेवढे काढावे, पण रागाच्या भरात कंपनीच्या कामाच्या फाइली पुसून जाऊ नये. त्या फाइलींचा पगार घेऊन झालेला असतो.